आईला रात्री साडेआठला काय दाखवू? (सध्याच्या मालिका: मतं, शिफारशी, तक्रारी)

घरकोंबडी
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

जूनमध्ये आई साताऱ्याच्या घरी मोरीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन पुण्यात केलं आणि तेव्हापासून ती आमच्याकडे, कर्वेनगरला. टू बीएचकेत चार माणसं, म्हणून तिची कॉट हॉलमध्ये टाकली. टीव्हीही हॉलमध्येच. म्हणजे आता टीव्ही तिच्या खोलीत आहे आणि आम्ही तिघं तिच्याकडे पाहुणे.

आई ७८ वर्षांची. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते-येते, बाकी दिवस कॉटवर. साताऱ्याला शेजारच्या वहिनींकडे बसून 'ठरलं तर मग' बघायची सवय लागली होती. इथे आल्यापासून सात ते दहा सलग जे येईल ते चालू असतं. लेक दहावीला, तिचं टेबल भिंतीपलीकडे. तिला मालिकेतल्या सुभेदारांच्या घरातली नाती पाठ झालीत, प्रमेयं व्हायची आहेत. नवऱ्याला एशिया कप बघायचा असतो आणि मॅच नेमकी आठला सुरू होते. तो बिचारा कानात इअरफोन घालून मोबाइलवर बघतो आणि मध्येच "आउट!" म्हणून ओरडतो. आई दचकते.

मला मालिकांचा राग नाही. मीही 'आभाळमाया' बघतच मोठी झाले. पण परवा कुठल्याशा मालिकेत कोणीतरी दुधात काहीतरी कालवत होतं, आणि रात्री माझ्या हातून हळदीचं दूध घेताना आईने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खरंच. हसू नका.

तर प्रश्न असा: जेवणाच्या वेळी, साडेआठ ते साडेनऊ, चौघांना बसून बघता येईल असं सध्या काय आहे? शक्यतो मराठी. विषप्रयोग, खोटं गरोदरपण, स्मृती जाणं नको. ओटीटीवरचंही चालेल, पण रिमोटची फार बटणं दाबावी लागू नयेत. आईला ऐकू थोडं कमी येतं, डोळे मात्र चांगले आहेत.

---

एक_ते_चार
गुरुवार, रात्री ११.०५

शीर्षकात 'दाखवू' असा शब्द आहे. आई म्हणजे काही बालवाडीतलं मूल नव्हे. त्यांना काय बघायचंय हे विचारलंत का?

विषयाबाबत: मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' लागायचं तेव्हा मराठी टीव्ही होता. पुढे तो आहे असं निदान माझ्या तरी कानावर नाही. आमच्याकडे संच आहे. झाकून ठेवलेला असतो.

---

आज्जीची_नात
गुरुवार, रात्री ११.१२

काका, क्रोशाच्या रुमालाने का? वर फुलदाणी?

---

एक_ते_चार
गुरुवार, रात्री ११.१४

खणाने. वर काहीही नाही. संच सपाट आहे, ठेवणार कुठे?

---

भाजी_निवडताना
शुक्रवार, १२ सप्टेंबर, सकाळी ११.३०

घरकोंबडी, तुझ्या आईची बाजू घ्यायला कोणीतरी हवं म्हणून लिहिते.

मी 'ठरलं तर मग' पहिल्या भागापासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून बघतेय. सायलीच किल्लेदारांची हरवलेली खरी तन्वी आहे हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, फक्त सुभेदारांना आणि किल्लेदारांना माहीत नाही. येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. अर्जुन एवढा नावाजलेला वकील, कोर्टात भल्याभल्यांची उलटतपासणी घेतो आणि स्वतःच्या बायकोचा पत्ता लागत नाही! माझे मिस्टर रोज हेच वाक्य बोलतात आणि रोज पाट मांडून समोर बसतात.

मग बघतो कशाला? एक म्हणजे जुई गडकरी. डोळ्यांत पाणी आणते पण गळा काढत नाही. दुसरं म्हणजे पूर्णाआजी. तिचं काम करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या महिन्यात, १६ ऑगस्टला गेल्या, इथे पुण्यातच. माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही. मी म्हटलं, अहो तो भाग आधी शूट केलेला असतो, त्यात त्या दिसतील. तर म्हणाल्या, "म्हणूनच नको."

तुझी आई गोष्ट बघत नाहीये गं. ती साताऱ्याच्या वहिनींकडे बसतेय. ते एकदम तोडू नकोस. भाग जिओहॉटस्टारवर असतो. पोरगी क्लासला गेली की दुपारी लावून दे. रात्रीचा तास मोकळा होईल, मग त्यात काय बसवायचं ते बसव.

---

हिंजवडी_फेज३
शुक्रवार, दुपारी १.२०

मालिका हा प्रकार माझ्या डोक्यावरून जातो, त्यामुळे ओटीटीवरचं सांगतो.

'पंचायत' बघा. हिंदी आहे पण आईंना कळेल. ग्रामसेवक, प्रधान, सचिव, दुधी भोपळे. चौथा सीझन जूनमध्ये आला, त्यात निवडणूकच निवडणूक आहे. पहिले दोन सर्वांत चांगले. 'गुल्लक' पण मस्त, छोट्या गावातलं चौकोनी कुटुंब, स्कूटर, लाइट बिल वगैरे.

मराठी हवं असेल तर 'मानवत मर्डर्स', सोनी लिववर. आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकारी झालाय, सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे. १९७२ च्या सुमाराचा परभणीकडचा काळ फार छान उभा केलाय.

---

भाजी_निवडताना
शुक्रवार, दुपारी १.४१

अरे बाबा, ती म्हणतेय दुधाचा पेला घेताना आई घाबरतेय आणि तू नरबळीचं सांगतोस?

---

हिंजवडी_फेज३
शुक्रवार, दुपारी १.४३

सॉरी. शेवटची ओळ काढून टाकतो. (आता काढता येत नाहीये. राहू दे.)

घरकोंबडीताई, ती दोघांनी रात्री अकरानंतर बघा. नेटफ्लिक्सवर 'अ‍ॅडोलेसन्स' पण. चारच भाग, प्रत्येक भाग एका अखंड शॉटमध्ये घेतलेला. दहावीतलं मूल घरात असेल तर आईबापांनी बघावं. पण जेवताना नको, घास उतरत नाही.

---

तांबडा_पांढरा
शुक्रवार, सायंकाळी ६.१५

गावाकडच्या मालिकांबद्दल कुणीच काय बोलंना म्हणून मीच बोलतो.

'तुझ्यात जीव रंगला' सुरू झालं २०१६ ला. शूटिंग आमच्या कोल्हापूरजवळ वसगड्यात. राणादाचं 'चालतंय की' पोराटोरांच्या तोंडात बसलं. लोक गाड्या करून वाडा बघायला यायचे. तेव्हा निदान आजूबाजूला खरं बोलणारी माणसं होती, कानाला बरं वाटायचं. आता बघा, गाव कुठलं बी असू दे, भाषा एकच. साताऱ्याचा माणूस, नगरचा माणूस, आमच्याकडचा माणूस, सगळे वाक्याच्या शेवटाला एक 'व्हय' चिकटवत्यात आणि झालं ग्रामीण. हेल कुठाय? शिव्या तर चॅनेलवर चालत न्हाईत, कबूल. पण नुसती विचारपूस सुद्धा आमच्याकडं वेगळी अन् मिरजेत वेगळी. ताईंच्या आई साताऱ्याच्या, त्यांना विचारा, एका वाक्यात पकडतील.

तरी पण 'लाखात एक आमचा दादा' बघा म्हणतो. नितीश चव्हाण आहे, 'लागिरं झालं जी'मधला. चार बहिणींचा भाऊ. मूळ गोष्ट तमिळ आहे म्हणे, पण भाऊ-बहीण काय तमिळ नि काय मराठी.

---

सोलकढी
शुक्रवार, रात्री ८.०२

तांबड्यापांढऱ्याला अनुमोदन. 'रात्रीस खेळ चाले'त आकेरीचा वाडा आणि पांडूचं 'इसरलंय', तेवढी मालवणी तरी कानावर पडली. आता कोकण म्हणजे नारळ आणि ड्रोन.

---

संवाद_विकणे_आहे
शुक्रवार, रात्री ११.४८

मी नऊ वर्षं मालिकांचे संवाद लिहिले. मालिकेचं नाव सांगणार नाही, शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे यायचे आहेत.

घरकोंबडी, तुमच्या पोस्टच्या शेवटच्या वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ऐकू कमी येतं, डोळे चांगले. मालिका बरोब्बर याच्या उलट माणसासाठी लिहिलेली असते.

आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घोकून घेतली होती: बाई स्वयंपाकघरात आहे. कणीक मळतेय, शिट्ट्या मोजतेय, तिची पडद्याकडे पाठ आहे. तिला सगळं कानाने कळलं पाहिजे. म्हणून पात्र खोलीत एकटं असलं की मोठ्याने बोलतं, "म्हणजे त्या दिवशी देवघरात मी जे पाहिलं ते खरं होतं तर!" कोण बोलतं असं? म्हणून दारात आलेल्या माणसाला आधी त्याचं नाव आणि नातं ऐकवतात, "अरे भावोजी, तुम्ही? यावेळी?" आणि ते तीनदा वाजणारं ढॅण-ढॅण-ढॅण, ज्यावर तुम्ही सगळे विनोद करता, ती हाक आहे हो. 'गॅस बारीक कर आणि बाहेर ये, काहीतरी घडतंय.'

आता हेच ऐकू न येणाऱ्या माणसाला कसं दिसत असेल ते बघा. नटून-थटून बायका उभ्या आहेत. एकेक चेहरा तीन-तीनदा जवळ येतो. कोणी जागचं हलत नाही. मग जाहिरात. संशय फिटला, माफी मागितली, गैरसमज दूर झाला, हे सगळं संवादात असतं, ते आईंच्या हाती लागतच नाही. अख्ख्या भागात हाताने घडणारी गोष्ट एकच होती, दुधात काहीतरी कालवणं. तेवढी त्यांना स्वच्छ दिसली.

लांबवण्याबद्दल. दर गुरुवारी रेटिंग येतं, बार्कचं, म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचं. देशभरात ५५ हजारांच्या आसपास घरांत त्यांचं यंत्र असतं. वाहिनीच्या आवाजात, आपल्या कानाला कळणार नाही अशी खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखतं. घरातल्या माणसाने आपण समोर बसलोय हे बटण दाबून सांगायचं असतं. गुरुवारी दुपारी आकडा आला की संध्याकाळी फोन येतो. आकडा चढला असेल तर "हाच ट्रॅक चालू ठेवा", पडला असेल तर "काहीतरी धमाका करा". दोन्ही वेळा रात्री जागायचं मीच. मी एक साखरपुडा चार महिने चालवलाय. अंगठी तीनदा हरवली. तिसऱ्यांदा कुठे हरवायची हे सुचेना तेव्हा बायको म्हणाली, "तांदळाच्या डब्यात." चालली, आकडा चढला.

सायलीचं गुपित का फुटत नाही याचं उत्तरही तेच. गुपित हेच भांडवल. ते फोडलं की दुसऱ्या दिवशी काय विकणार?

आणि तांबडा_पांढरा, तुमची भाषेची तक्रार रास्त आहे, पण मुळात मालिका इथली असतेच कुठे? 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमयी'वरून, हिंदीतली 'अनुपमा'सुद्धा तिचीच बहीण. 'रंग माझा वेगळा' मल्याळमवरून. झीची 'लक्ष्मी निवास' कन्नडमधून आली. कांजीवरमची पैठणी करायची, सांबाराची आमटी करायची. कामाला कमी लेखत नाही, मी तेच केलंय आणि चांगलं केलंय. पण त्यात सातारचा हेल आणायला वेळ नसतो. बावीस मिनिटांचा भाग दिवसाला एक उरकायचा असतो.

आईंसाठी: जो नट संवादाशिवाय कळतो तो शोधा. 'अशोक मा. मा.' लावा, कलर्स मराठीवर. अशोक सराफ शिस्तीचा, काटकसरी म्हातारा झालेत. नुसत्या भुवईवर वाक्य संपवतात. मालिका म्हणून ढिली आहे, मधले ट्रॅक सोडून द्या. दुसरं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. समीर चौघुलेचं अंग बोलतं, नम्रता संभेराव नुसती चालत आली तरी कळतं काय होणार ते. प्रहसन पंधरा-वीस मिनिटांत संपतं, काल काय झालं ते आठवावं लागत नाही.

---

हिंजवडी_फेज३
शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ९.०५

हसून हसून पुरेवाट. तांदळाचा डबा!

या माणसाला स्वतंत्र धागा काढायला लावा कोणीतरी.

---

आज्जीची_नात
शनिवार, सकाळी १०.३०

हास्यजत्रेला मोठ्ठं +१. 'चला हवा येऊ द्या'पण जुलैपासून परत आलंय, आता अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालन करतो. आमच्या घरी मात्र दोन तट पडलेत. आज्जीला नीलेश साबळेच हवा आहे. ती अभिजीतला अजून 'माझ्या नवऱ्याची बायको'मधला गुरुनाथ समजते आणि त्याच्या विनोदांवर हसायचं नाही असं तिने ठरवलंय.

घरकोंबडीताई, लेकीसाठी 'दिल दोस्ती दुनियादारी' शोधा, २०१५ ची. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर. त्यात सासूच नाही! मी शाळेत असताना बघायचे आणि तेव्हाच ठरवलं की नाटकात काम करायचं. आता कॉलेजातर्फे भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला उभी राहते तेव्हा कळतं की टीव्हीवरचे निम्मे लोक याच विंगेत घाम पुसून गेलेत.

आणि आईंसाठी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. जुनी आहे, धाग्याचा विषय सध्याच्या मालिका आहे हे माहीत आहे, ओरडू नका. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. तीन पिढ्या, एक घर, आणि प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपते. दिलीप प्रभावळकर नातवाकडे बघतात ना, ते बघायला कान लागत नाहीत.

---

ताम्हिणी_घाट
शनिवार, सकाळी ११.५५

अवांतर: टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचे प्रकार असतात. बऱ्याच संचांत 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशाच नावाचा पर्याय सापडतो, तो लावला की ढॅण-ढॅण खाली जातं आणि बोलणं वर येतं. नाहीतर ब्लूटूथ हेडफोन द्या आईंना. माझ्या वडिलांना दिले, आता तेच आम्हाला "ओरडता कशाला" म्हणतात.

मालिकांत सध्या बरी वाटते ती सुबोध भावे आणि तेजश्री प्रधानची नवीन, 'वीण दोघांतली ही तुटेना'. ऑगस्टमध्येच सुरू झालीये. दोघंही वयाने जरा पोक्त, धाकट्या भावंडांची लग्नं जुळवता जुळवता स्वतःच अडकणार असं दिसतंय. समर राजवाडे आणि स्वानंदी देशपांडे.

---

एक_ते_चार
शनिवार, दुपारी १२.०१

सरपोतदार. स्वानंदी सरपोतदार.

---

आज्जीची_नात
शनिवार, दुपारी १२.०२

काकाऽऽऽ

---

भाजी_निवडताना
शनिवार, दुपारी १२.०४

खण कुठे गेला हो?

---

एक_ते_चार
शनिवार, दुपारी १२.२०

खण जागेवर आहे. खणातून ऐकू येतं. वरच्या सभासदाने सांगितलंच आहे की मालिका ही ऐकायची गोष्ट असते. सौ. स्वयंपाकघरातून ऐकते, मी आरामखुर्चीतून ऐकतो. बघत कोणीही नाही.

---

हिंजवडी_फेज३
शनिवार, दुपारी १२.२२

मी मोबाइल ठेवून हसतोय. मीटिंगमध्ये आहे. शनिवारी मीटिंग आहे याचं दुःख वेगळं.

---

घरकोंबडी
सोमवार, १५ सप्टेंबर, दुपारी ३.४०

सगळ्यांचे आभार. संवाद_विकणे_आहे, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. दुधाचं वाचल्यावर दोघंही गप्प झालो. तीन महिने आम्ही "आई, एवढं काय मनावर घेतेस, शेवटी त्यांचं मिटलं ना" म्हणतोय आणि तिला ते मिटलेलं कधी ऐकूच आलं नव्हतं.

आता अहवाल.

शुक्रवारी काही जमलं नाही. शनिवारी दुपारी 'अशोक मा. मा.' पहिल्या भागापासून लावलं. आई दहा मिनिटं बघून म्हणाली, "हे तुझे बाबा." बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केला नाही तर परत बोलावून बंद करायला लावायचे. सलग तीन भाग बघितले आम्ही. मी मध्ये चहा करायला उठले आणि हॉलमधला दिवा तसाच ठेवला, तर आईने माझ्याकडे बघून भुवई वर केली. अशोक सराफांना पद्मश्री मिळाली हे सांगितलं तर म्हणाली, "इतक्या उशिरा?"

रात्री हास्यजत्रा. पहिलं प्रहसन तिला कळलं नाही, ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली, ते जरा वाईट वाटलं. दुसऱ्यात समीर चौघुले आले. ते नुसते खुर्चीवर बसायला गेले आणि आई जी हसायला लागली, मला भीती वाटली की टाके ओढतील. (टाके केव्हाच निघालेत. तरी.) लेक म्हणाली, आज्जी अशी हसते हे मला माहीतच नव्हतं.

'टिपरे' आज-उद्या शोधते. क्लिअर व्हॉइस आमच्या टीव्हीत सापडलं, फरक आहे.

पण खरी गंमत रविवारी. भारत-पाकिस्तान. नवरा म्हणाला, आज मी मोबाइलवर बघणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. आईने रिमोट त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लावा, मी पण बघते." आणि तिने अख्खी मॅच बघितली! तिला षटकं, चेंडू काही कळत नाही, पण माणसं कळतात. कुलदीपला म्हणे, "हा बारका हसत हसत गळा कापतो." सूर्यकुमारचा त्या दिवशी वाढदिवस होता हे नवऱ्याने सांगितल्यावर तिचं निम्मं लक्ष तिथेच. "वाढदिवसाला पोरगं घरापासून लांब. कोणी ओवाळलं असेल का?" त्याने शेवटी सिक्स मारून सामना संपवला तेव्हा टाळ्या वाजवल्या. मग ते हात न मिळवताच निघून गेले. तिने ते बरोब्बर टिपलं, आमच्या आधी. "हात नाही मिळवला. काय झालंय यांच्यात?" नवऱ्याने एप्रिलमधल्या पहलगामच्या हल्ल्यापासूनचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

झोपताना दूध घेतलं. माझ्याकडे न बघता.

---

भाजी_निवडताना
सोमवार, दुपारी ४.१०

ओवाळलं असेल का! अगं, किती गोड.

आणि 'ठरलं तर मग'चं काय केलंस?

---

घरकोंबडी
सोमवार, दुपारी ४.१८

दुपारी तीनला, तुम्ही सांगितलं तसंच. आत्ता तेच चालू आहे. मी बाजूला बसून मधूनमधून काय बोलले ते तिच्या कानाशी सांगते. त्यामुळे आता मलाही बघावं लागतंय आणि मला त्या प्रियाचा, म्हणजे खोट्या तन्वीचा, भयंकर राग यायला लागलाय.

---

भाजी_निवडताना
सोमवार, दुपारी ४.१९

ये, बैस. जागा आहे.

---

तांबडा_पांढरा
मंगळवार, १६ सप्टेंबर, रात्री ९.३०

भाषेचं विचारलं काय आईंना?

---

घरकोंबडी
मंगळवार, रात्री १०.०५

विचारलं. गावाकडची एक मालिका पाच मिनिटं दाखवली, आवाज मोठा करून. म्हणाली, "ही माणसं शनिवारवाड्याच्या पलीकडे गेलेली नाहीत."

---

एक_ते_चार
मंगळवार, रात्री १०.०७

शनिवारवाड्याच्या पलीकडे कसबा पेठ आहे. तिथलं मराठी उत्तम आहे.

---

संवाद_विकणे_आहे
बुधवार, १७ सप्टेंबर, रात्री १२.१५

आईंची दाद मी जपून ठेवतो. पुन्हा कधी काम मिळालं तर पहिल्या पानावर लिहीन.

एक सांगायचं राहिलं होतं. हास्यजत्रेतलं पहिलं प्रहसन त्यांना का कळलं नसेल? त्यात बहुतेक शब्दांच्या कोट्या असणार. एक युक्ती करा: भाग आधी तुम्ही एकट्या बघा, फोनवर, भाजी चिरताना. ज्यात अंगाने विनोद आहे ती प्रहसनं निवडून रात्री लावा. यूट्यूबवर सुटी सुटी मिळतात. वनिता खरात, प्रसाद खांडेकर यांची शोधा.

क्रिकेटबद्दल म्हणाल तर मला नवल वाटलं नाही. तिथे सगळं हाताने आणि पायाने घडतं, कोणी स्वगत बोलत नाही, आणि गुपित त्याच रात्री फुटतं. आम्ही जे नऊ वर्षं टाळलं ते सगळं त्यात आहे.

---

हिंजवडी_फेज३
बुधवार, सकाळी ८.५०

काकूंना सांगा, आज पाकिस्तानने यूएईला हरवलं तर येत्या रविवारी, २१ ला, परत भारत-पाक. सुपर फोर.

---

घरकोंबडी
सोमवार, २२ सप्टेंबर, सकाळी ७.१५

आज घट बसवायचेत, घाईत लिहितेय.

काल रात्री साडेसातपासून तयारी. आईने स्वतः कॉटची पाठ उंच करून घेतली. आठवडाभर ती नवऱ्याला विचारत होती, "त्यांचं पुढे काय झालं?" आणि तो तिला मागच्या मॅचचे तुकडे दाखवून समजावत होता. लेक पण येऊन बसली. भूमिती सोडवत होती म्हणते, मी वही उघडून बघितलेली नाही.

अभिषेक शर्मा आणि गिल सलामीला आले. लहानपणापासूनचे मित्र आहेत हे नवऱ्याने सांगितलं आणि झालं. गिल आउट झाला तेव्हा आईने हातातला पेला खाली ठेवला. "आता एकटा पडला गं तो." अभिषेक ७४ वर गेला तेव्हा तर काही विचारूच नका. आपण जिंकलो. हात याही वेळी मिळवले नाहीत. आई म्हणाली, "एवढ्यात नाही मिटायचं हे."

संपल्यावर पडद्यावर नुसते आकडे यायला लागले. ती वाट बघत बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, "उद्या काय होणार ते थोडं दाखवत नाहीत का शेवटी?"

---

संवाद_विकणे_आहे
सोमवार, सकाळी ७.४०

प्रीकॅप म्हणतात त्याला! आईंना माझा साष्टांग नमस्कार.

---

आज्जीची_नात
सोमवार, सकाळी ८.०२

ताई, फायनल २८ ला आहे, रविवारी. आपण पोचलो तर आज्जीला पण बसवते. ती अभिजीत खांडकेकर सोडून कोणालाही बघायला तयार आहे.

---

ताम्हिणी_घाट
सोमवार, सकाळी ८.३०

एक_ते_चार, तुम्ही फायनल बघणार की ऐकणार?

---

एक_ते_चार
सोमवार, सकाळी ८.५५

सामना आठला. साडेसातची मालिका आठला संपते. मधल्या जाहिरातीत खणाची घडी करता येते.